समितीपुरता दवाखाना

आमच्या साहेबांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात, फायलींच्या खालच्या फळीवर, चिखलाने माखलेल्या बुटांचा एक जोड असायचा. चिखल वाळून भेगाळलेला, पण तो झटकायची कोणाची हिंमत नव्हती. विधिमंडळाची एखादी समिती नाशिकच्या दौऱ्यावर यायची असली की आदल्या दिवशी साहेब शिपायाला बोलवायचे आणि फक्त एवढंच म्हणायचे, "बूट भिजव." शिपाई ते बूट ऑफिसमागच्या कर्दळीच्या वाफ्यात न्यायचा आणि ताज्या चिखलात दाबून परत आणायचा. दुसऱ्या दिवशी साहेब कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाखाली ते बूट घालून विश्रामगृहाच्या पायरीवर उभे. आमदार गाडीतून उतरले की साहेब आधी स्वतःच्या पायांकडे बघायचे, ओशाळल्यासारखं हसायचे आणि म्हणायचे, "माफ करा सर, सरळ साइटवरूनच येतोय."

साइटवर ते जात नसत. "साइट हे ठेकेदाराचं घर आहे," ते म्हणायचे. "बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊ नये."

साहेबांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ओळखणारे ओळखतील, आणि न ओळखणाऱ्यांनी आपापल्या जिल्ह्यात शोधलं तर असा एक नक्की सापडेल. ते सरकारी इमारती बांधणाऱ्या एका विभागाचे कार्यकारी अभियंता होते आणि मी त्यांच्या हाताखाली कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो होतो. मी नांदगाव तालुक्यातला. वडील बाजारात धान्याची मापं करायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. नेमणूक झाली तेव्हा वडील माझ्याबरोबर नाशिकला आले आणि ऑफिसच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. मला लाज वाटली नाही. मलाही ते देऊळच वाटत होतं.

साहेबांचे माझ्यावर उपकार आहेत, हेही आधीच सांगतो. नाशकात मला राहायला जागा नव्हती, तेव्हा त्यांनी गंगापूर रोडला त्यांच्या एका मित्राच्या बंगल्यामागची खोली मिळवून दिली. भाडं माफक ठेवायला लावलं. माझ्या पहिल्या टिपणीतल्या चुका त्यांनी समोर बसवून दुरुस्त केल्या. उपकार फिटत नाहीत म्हणतात, ते खरं असेल. पण उपकार घेतल्याने माणसाचे डोळे जात नाहीत.

विधिमंडळात आमदार लेखी प्रश्न विचारतात. अमुक पुलाचं काम रखडलं आहे, हे खरे आहे काय? असल्यास, कारणे काय? असल्यास, कोणती कार्यवाही केली? वर मंत्री उत्तर देतात, पण ते उत्तर मूळ तयार होतं आमच्यासारख्या ऑफिसात. साहेबांना या उत्तरांचा शौक होता. दुसऱ्या कुणाला ते लिहू देत नसत. "हे खरे आहे" असं उत्तर त्यांनी आयुष्यात दिलं नव्हतं. "हे खरे नाही" असंही नाही, कारण तेही उद्या अंगावर येऊ शकतं. त्यांचं उत्तर ठरलेलं, "हे अंशतः खरे आहे." आणि पुढच्या सगळ्या पोटप्रश्नांना, "प्रश्न उद्भवत नाही."

ही भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की ती घरीही सुटत नसे. साहेबांच्या पत्नीनेच, आमच्या वहिनींनीच, एकदा सांगितलं. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला गुरुजींना सांगितलंत का, असं त्यांनी विचारलं, तर हे म्हणाले, "कार्यवाही प्रगतीपथावर आहे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? गुरुजी आलेच नाहीत," वहिनी म्हणाल्या. "भटजींचा पत्ता नाही आणि हे पाटावर बसून राहिले. शेवटी शेजारच्या आजोबांकडून तर्पण करून घेतलं. तुमच्या साहेबांचा प्रगतीपथ फार लांबचा असतो हो."

समित्यांच्या बाबतीत मात्र साहेबांची तयारी बघून तोंडात बोट घालावं. राज्यातल्या बहुतेक आमदारांची माहिती त्यांच्या डोक्यात होती. त्यांची कामं, भाषणं, मतदारसंघ यातलं काही नाही. कोणाचा गुडघा दुखतो, कोण कोणत्या वारी उपाशी असतो, कोणाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय, हे त्यांना पाठ. गुडघा दुखणारे अध्यक्ष असले की अडचणीचं काम नेमकं वरच्या मजल्यावर असायचं आणि लिफ्ट नेमकी त्याच दिवशी बंद पडायची. अध्यक्ष जिन्याकडे बघायचे, मग साहेबांकडे. साहेब हळहळायचे. अध्यक्ष म्हणायचे, "असू द्या, खालूनच अंदाज येतो."

जेवण हे त्यांचं मुख्य हत्यार. "प्रश्न पोटात असतात," ते मला समजावत. "पोट भरलं की त्यांना बाहेर यायला वाट राहत नाही." म्हणून पाहणी नेहमी जेवणानंतर. जेवायला झणझणीत शेवभाजी, मग मांडे, मांड्यांवर बासुंदी. दुपारच्या उन्हात एसी गाडीत बसलेली समिती त्र्यंबकच्या फाट्यापर्यंत घोरायला लागायची. संध्याकाळी दर्शन. दर्शनाला जायचं असलं की कोणाला कुठे रेंगाळावंसं वाटत नाही.

सादरीकरणातही त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मोठ्या पडद्यावर पूर्ण झालेल्या कामांचे फोटो दाखवायचे. एकाच पुलाचे तीन बाजूंनी काढलेले फोटो तीन पूल म्हणून चालून जायचे. एकदा एका आमदारांना झोप लागली नव्हती. त्यांनी विचारलं, "साहेब, तिन्ही पुलांवर तीच म्हैस कशी उभी आहे?"

साहेब क्षणभरही अडखळले नाहीत. "सर, त्या भागात म्हशी पुष्कळ आहेत."

सगळे हसले. आमदारही हसले. प्रश्न संपला. मला त्या दिवशी कळलं की लोकशाहीत सरकारला जाब विचारण्याचा जो मोठा अधिकार आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचतो, तो प्रत्यक्षात एका म्हशीवर बसवून पलीकडे पाठवून देता येतो.

आमच्या ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. माणसं निवृत्त होत गेली, नवी भरती झाली नाही. एकेका माणसाकडे दोन-तीन टेबलांचं काम. कुंभमेळ्याची कामं आली तशी तर आम्ही डबे घरीच विसरायला लागलो. समितीपुढे हे सरळ मांडावं, असं माझ्यासारख्या नवख्याला वाटायचं. साहेबांना उलट वाटायचं. "रिकाम्या खुर्चीत प्रश्न येऊन बसतो," ते म्हणायचे. म्हणून समितीच्या दिवशी एकही खुर्ची रिकामी दिसायची नाही. निवृत्त कारकुनांना फोन जायचे, ठेकेदारांचे दिवाणजी यायचे, एकदा तर साहेबांचे साडूही आवक-जावकच्या टेबलावर चष्मा लावून बसले होते. निवृत्त झालेले एक जुने हेडक्लार्क जुन्या खुर्चीत बसताच जुन्या सवयीने झोपी गेले. समितीतले एक सदस्य त्यांच्याजवळ थांबले. सदस्य शेजारच्याला म्हणाले, "हा मात्र अस्सल दिसतो," आणि समाधानाने पुढे गेले.

मी साहेबांना नंतर विचारलं, "साहेब, खुर्च्या रिकाम्या दाखवल्या असत्या तर निदान भरती तरी झाली असती."

साहेबांनी खिशातून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली. समोरचा माणूस चुकतो आहे असं वाटलं की ते खडीसाखर द्यायचे. "भरती होईल तेव्हा मी इथे असेन का? नाही. प्रश्न मात्र आज विचारतील, आणि मला विचारतील. तुला शाळेत गणित होतं ना?"

त्या महिन्यात घरी गेलो तर वडिलांनी विचारलं, "साहेब कसं हायेत रं?"

"हुशार आहेत, लय हुशार."

"आरं, हुशार म्हंजी चांगलं का?"

मी म्हटलं, "अंशतः." वडिलांना काही कळलं नाही. मलाच ते बोलून कसंतरी झालं.

इथवरचं सगळं मी हसत सांगितलं, कारण तोवर त्यात हसण्यासारखं होतं. हरसूलकडच्या दवाखान्यानंतर मला साहेबांचं हसू आलं नाही.

हरसूलच्या पुढे डोंगरात एक गाव आहे. तिथे आमच्या विभागाने ग्रामीण रुग्णालयाची इमारत बांधली. इमारत चांगली झाली होती. खेळती हवा, भक्कम छप्पर, प्रसूतीसाठी वेगळी खोली. अडचण एवढीच की इमारत बांधणारं खातं एक, तिथे डॉक्टर-नर्स नेमणारं खातं दुसरं, आणि त्या पदांच्या पगाराला मंजुरी देणारं तिसरं. आमचं काम पूर्ण झालं तेव्हा दुसऱ्या खात्याचा पदांचा प्रस्ताव तिसऱ्याच्या टेबलावर पडून होता. पायाचा दगड बसवला तेव्हाच माणसांचा विचार करायला हवा होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा ते कोणाचंच काम नव्हतं. इमारतीला कुलूप लागलं. पोर्चमध्ये गावच्या शेळ्या दुपारच्या सावलीला बसू लागल्या.

शेजारच्या जुन्या आरोग्य उपकेंद्राच्या दोन खोल्यांत एक नर्स होत्या. गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. बाई नाशिकमधल्या एका कामगार कॉलनीत वाढलेल्या, जिभेला धार. नोकरी लागली तेव्हा वर्षभरात बदली करून घेईन म्हणून गेल्या आणि तिथेच राहिल्या. इमारतीच्या पाहणीला मी जायचो तेव्हा त्या दारातूनच हाक मारायच्या, "या, बंगल्याचे मालक! भाडेकरू मिळाला का?"

एकदा मला कोरा चहा देताना त्यांनी सांगितलं. पाड्यावरची एक मुलगी, पहिलटकरीण, अडली होती. बाळ आडवं. सिस्टरनी ओळखलं की इथे डॉक्टरच हवा, आपल्या हातात काही नाही. जीप मिळवली, नाशिकला निघाल्या.

"मुलगी वाचली," सिस्टर म्हणाल्या. "बाळ घाटात गेलं. आणि जीप गेली कुठून माहितीये? तुमच्या इमारतीच्या समोरून. दुसरा रस्ताच नाहीये ना. त्या मुलीच्या आईने मला विचारलं, सिस्टर, हा एवढा मोठा दवाखाना आहे, इथंच का नाय थांबत? काय सांगू तिला? इंजिनिअर साहेबांकडे चावी आहे म्हणून?"



सरकारी हिशेब तपासणाऱ्यांनी त्या इमारतीवर आक्षेप घेतला होता. बांधून तयार, वापर नाही, खर्च वाया. असा आक्षेप विधिमंडळाच्या समितीपुढे जातो आणि समिती प्रत्यक्ष बघायला येऊ शकते. ती येणार असं ठरलं. सिस्टरना तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की समितीने रिकामी इमारत डोळ्यांनी पाहिली आणि तशी शिफारस केली, तर पदांची फाइल हलेल. नाहीतर हलणार नाही. सिस्टरनी मला बजावलं, "तुमच्या साहेबांना सांगा, काही करू नका म्हणावं. फक्त कुलूप काढा आणि बाजूला उभे राहा. आमचं सगळं त्या एका दिवसावर आहे."

मी तसंच साहेबांना सांगितलं. बाळाचंही सांगितलं. साहेबांनी डोळे मिटले, "अरेरे" म्हणाले. ते अरेरे खोटं नव्हतं असं मला अजूनही वाटतं. मग डोळे उघडून म्हणाले, "माझ्या बढतीची फाइल वर गेलीये. माझ्या इमारतीवर 'रिकामी' असा शिक्का घेऊन मी वर जाऊ? आक्षेप निकाली निघाला पाहिजे. इमारत चालू दिसली की निकाली निघतो."

"पण साहेब, चालू नाहीये."

"दिसली की," साहेब म्हणाले, आणि माझ्या हातावर खडीसाखर ठेवली.

पुढचे काही दिवस साहेबांच्या अंगात वीज संचारली होती. ठेकेदाराच्या ट्रकमधून खाटा आल्या. नाशिकच्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजातून विद्यार्थिनींची बस ठरली. आरोग्य खात्यातल्या वरिष्ठांनाही आक्षेप नकोच होता, त्यांनी एक डॉक्टर दिवसापुरते दिले. समितीच्या दिवशी साहेब पहाटेच तिथे पोचले आणि मी त्यांना प्रथमच खरोखरच्या साइटवर घाम गाळताना पाहिलं. गाद्यांवरचं प्लास्टिक त्यांनी निम्म्याच खाटांवरचं काढायला लावलं. "सगळंच नवं दिसलं तर वापरात नाही असं वाटतं." केसपेपरच्या खिडकीवर चहा सांडायला लावला. वॉर्डाच्या दाराशी गावातून गोळा केलेल्या जुन्या चपलांचा ढीग. फरशीवर फिनेल, दवाखान्याचा वास यावा म्हणून. मग ते एकेका खाटेजवळ गेले आणि मुठीने उशा ठोसू लागले. प्रत्येक उशीत डोक्याएवढा खळगा. एक मोठा अधिकारी घामाघूम होऊन रांगेने उशांना बुक्के मारतो आहे, हे दृश्य मी विसरणार नाही.

पेशंट म्हणून ठेकेदाराचे मजूर आणले होते. त्यांचा मुकादम पांघरुणातून डोकं काढून म्हणाला, "साहेब, आजार कंचा सांगायचा?"

"पोटदुखी," साहेब म्हणाले. "पोटदुखीला पुरावा लागत नाही."

"समद्यास्नीच पोटदुखी?"

"मग तू ताप घे."

सिस्टर दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्या साहेबांजवळ आल्या. "साहेब, हात जोडते. हे सगळं उचला. रिकामं बघू द्या त्यांना."

"सिस्टर, आज तुमच्या हाताखाली एवढी माणसं दिली," साहेब प्रेमाने म्हणाले. "आनंद माना की."

"आज दिलीत. उद्याचं काय?"

"उद्या समिती नाही," साहेब म्हणाले.

एकच गोष्ट साहेबांना आणता आली नाही, बाळंतीण. ठेकेदाराकडे तशी सोय नव्हती. पण साहेबांनी त्यावरही तोड काढली. प्रसूतीच्या खोलीला कुलूप ठेवलं, वर पडदा सोडला आणि पाटी लावली, "आत प्रसूती सुरू आहे. प्रवेश निषिद्ध." चावी खिशात टाकली. मला म्हणाले, "आपल्याकडे बाळंतिणीच्या दाराशी पुरुष उभा राहत नाही. आणि समितीत सगळे पुरुष. बघ गंमत."

समिती दुपारी आली, मांडे आणि बासुंदी पचवत. अध्यक्षांनी खाटांमधून एक फेरी मारली, मुकादमाच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "ताप उतरलाय." डॉक्टर म्हणाले, "जी सर." विद्यार्थिनी ओळीने उभ्या होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. मग सगळे त्या पडद्यापाशी आले. पाटी वाचताच पुढचे पाय थांबले. कोणी घसा खाकरला, कोणी मोबाइल काढला, अध्यक्ष दोन पावलं मागे सरकून म्हणाले, "चला चला, इथे गर्दी नको. बाईमाणसाला त्रास होईल."

साहेबांचा अंदाज एका बाबतीत चुकला होता. ऐनवेळी समितीत एक बाई सदस्य आल्या होत्या. त्या मागेच थांबल्या. त्यांनी सिस्टरना विचारलं, "आत कोण आहे?"

"कोणी नाही ताई," सिस्टर म्हणाल्या. आवाज स्पष्ट. "आत कधीच कोणी नव्हतं. हे सगळे आजच आलेत. संध्याकाळी जातील. दार उघडायला लावा, चावी साहेबांच्या खिशात आहे."

मी साहेबांकडे बघितलं. साहेब हसले, तेच ओशाळं हसू. "मॅडम, आमच्या सिस्टर फार जीव लावून काम करतात. कितीही माणसं द्या, त्यांना कमीच वाटतात. थकल्यात बिचाऱ्या." मग आवाज खाली आणून, "आत निर्जंतुक केलंय. तुमच्या शब्दाखातर उघडतो, पण बाळाच्या दृष्टीने…"

"कुठलं बाळ?" सिस्टर ओरडल्या.

बाहेरून अध्यक्षांची हाक आली, "ताई, येताय ना? मंदिर बंद होईल." बाई घुटमळल्या. त्या सिस्टरकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत होत्या. हात पुढे करून पडदा सारायचा एवढंच काम होतं. पण आत खरंच कोणी असेल तर, ही शंका कोणत्याही बाईला त्या दारात अडवील, आणि साहेबांनी ती शंकाच तिथे टांगून ठेवली होती. "मी लक्षात ठेवते," बाई म्हणाल्या आणि गाडीकडे गेल्या.

गाड्यांची धूळ बसायच्या आत खाटा ट्रकमध्ये चढू लागल्या. मजूर टाळी देत उठले. विद्यार्थिनींची बस लागली. साहेबांनी दोन्ही चाव्या काढून माझ्या हातात दिल्या. "मुख्य दाराला कुलूप लाव," म्हणाले. सिस्टर उपकेंद्राच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मला मालक म्हटलं नाही.

समितीच्या अहवालात आलं की रुग्णालय कार्यरत असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले. आक्षेप निकाली. साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले, त्यांची बढतीही झाली. बाई सदस्यांनी काय लक्षात ठेवलं ते कळलं नाही. अहवालाखाली त्यांचीही सही होती.

काही महिन्यांनी सिस्टरचा फोन आला. "अभिनंदन, इंजिनिअर साहेब. पदांचा प्रस्ताव परत आला. मुंबईवाले म्हणतात, दवाखाना आहे त्या माणसांत चांगला चाललाय, तुमच्याच समितीने पाहिलंय. मग नवी पदं कशाला? बरोबर आहे की नाही?"

मी हे साहेबांना त्यांच्या नव्या ऑफिसात जाऊन सांगितलं. वाटलं होतं, निदान खाली बघतील. साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे मुंबईलासुद्धा पटलं!" ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून, "अरे, पदं हा आरोग्यवाल्यांचा विषय. आपला आक्षेप गेला ना?"

साहेब दुष्ट होते असं मला म्हणता आलं असतं तर फार सोपं झालं असतं. दुष्ट माणसाला आपण काय मोडलं ते ठाऊक असतं. साहेबांना आपण काही मोडलं हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्यापुरता तो दवाखाना खरोखर चालला होता, एक दुपार, आणि छान चालला होता. राज्याच्या कारभारावर नजर ठेवायला माणसं निवडून द्यायची, आणि ती नजर येईल तेवढ्यापुरतं राज्य उभं करायचं. या कामात साहेबांनी हयात घातली आणि शेवटपर्यंत त्याला नोकरी म्हटलं.

त्यांच्या निवृत्तीचा सोहळा गंगापूर रोडच्या एका मोठ्या हॉलमध्ये झाला. ठेकेदारांचे हार, फेटे, ढोल. साहेबांनी भाषणात सांगितलं, "माझ्या दारातून एकही समिती नाराज होऊन गेली नाही." टाळ्या पडल्या. मग निवेदकाने विचारलं, आणखी कोणाला दोन शब्द बोलायचेत का. मागच्या रांगेतून सिस्टर उठल्या. जिल्ह्याच्या बैठकीला आल्या होत्या, गणवेशातच. त्यांनी माइक हातात घेतला.

"मी हरसूलकडून आलेय," त्या म्हणाल्या. "साहेबांनी आमच्याकडे एक दिवस दवाखाना चालवला. सकाळी पेशंट झोपले आणि दुपारी सगळेच्या सगळे बरे होऊन ट्रकमध्ये बसून गेले. असा गुण मी कोणत्या डॉक्टरच्या हाताला पाहिला नाही."

हॉलमध्ये हशा पिकला, टाळ्या झाल्या. सिस्टर थांबल्या नाहीत. "साहेब, आता तुम्हाला वेळच वेळ आहे. एकदा परत या. ती प्रसूतीची खोली उघडून द्या. एक डॉक्टर आणून बसवा, एकच, पण दुसऱ्या दिवशीही थांबणारा. पाड्यावरच्या बाया तुमची आरती करतील."

मला वाटलं, आता तरी. साहेब उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि माइकशिवायच म्हणाले, "हीच माझी कमाई! तळागाळातली ही माणसं इतक्या लांबून येतात…" त्यांनी सिस्टरना स्टेजवर ओढलं, स्वतःचा पुष्पगुच्छ त्यांच्या हातात दिला आणि फोटोवाल्याला हाक मारली. "सिस्टर, जरा इकडे बघा. हसा."

सिस्टर हसल्या नाहीत. तो फोटो दुसऱ्या दिवशी साहेबांच्या स्टेटसला होता.

स्टेजवरून उतरून सिस्टर निघाल्या, तेव्हा मी जिन्यात त्यांना गाठलं. त्यांनी पुष्पगुच्छ माझ्या हातात कोंबला. "कळलं का हो त्यांना?"

"नाही."

"काहीच?"

"काहीच नाही."

त्यांनी पर्स खांद्यावर नीट केली आणि त्या पायऱ्या उतरू लागल्या. वर पंगत बसायला लागली होती. मी म्हटलं, "सिस्टर, निदान जेवून तरी जा."

"कसलं जेवण घेऊन बसलात," त्या उतरता उतरताच म्हणाल्या. "पाड्यावरच्या एकीचे दिवस भरलेत. एसटी चुकली तर तिच्याजवळ आहे कोण?"